मॅचच्या दिवशी हँडल ओढणारा माणूस

इलाकाकू बोकारे घाबरट आहेत, हे अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या जन्मजात घाबरट होत्या असं कोणी म्हणत असेल तर ते साफ खोटं. नागपुरात असताना ही बाई धरमपेठेतून वर्धा रोडवरच्या शाळेत शिकवायला लुनावर जायची, एकटी, भर उन्हात तोंडाला दुपट्टा गुंडाळून. आणि वाटेत कोणी आगाऊपणा केलाच तर लुना बाजूला लावून त्याची अशी खरडपट्टी काढायची की तो पुन्हा त्या रस्त्याला दिसायचा नाही. भीती लागली ती अमेरिकेत. आधी हायवेची लागली, म्हणून गाडी शिकायची राहिली ती राहिलीच. मग पोलिसांच्या गाडीची, मग फोनवर इंग्रजी बोलायची, मग सरकारी पाकिटांची. व्हिसाच्या त्या वर्षांत तर दारावरची बेल वाजली तरी आधी पडद्याआडून बघायच्या. पुढे ग्रीन कार्ड झालं, सिटिझनशिप झाली, हातात छोटा झेंडा धरून फोटो काढून झाला, तरी भीती आपली होती तिथेच.

नवरा मात्र नेमका उलटा. शंतनूराव म्हणजे सगळा बिनधास्त कारभार. त्यांची रिसर्च ट्रँगल पार्क या कंपन्यांच्या वसाहतीतली नोकरी पक्की झाली तेव्हा बाकीचे मराठी लोक मॉरिसव्हिलला नवीकोरी घरं घेत होते, आणि या गृहस्थाने घर घेतलं ते तिथून अर्ध्या तासावरच्या एका जुन्या तंबाखूच्या गावात. का, तर म्हणे घराला पुढे पोर्च आहे आणि पोर्चवर बसून चहा पिता येतो! "अहो, त्या भागात आपलं कोण आहे?" काकू म्हणाल्या. "राहायला लागलो की होतील," ते म्हणाले, आणि विषय संपला.

आणि खरं सांगायचं तर झालंही तसंच. त्यांच्या या चेरी स्ट्रीटवर बहुतेक घरं काळ्या लोकांची होती, तंबाखूच्या गोदामांत जन्म काढून रिटायर झालेल्यांची. समोरच्या घरात मिस अर्लीन राहायची. सत्तरीची बाई, दिवसभर पोर्चवर बसून शेंगा सोलायची, आणि गल्लीत कोणाची गाडी आली, कोणाचा नातू आला, कोण दोन दिवस दिसलं नाही, सगळं तिला तोंडपाठ. गल्ली काही धुतल्या तांदळासारखी होती असं नाही. पलीकडच्या टोकाला अधूनमधून गोळीचा आवाज यायचा, घरंही फुटायची. एकदा बोकाऱ्यांचं गवत कापायचं मशीन गेलं. काकूंचा तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. अर्लीनने काय केलं, तर दुपारी काठी टेकत कुठल्याशा घरी गेली आणि त्या चोराकडूनच ते मशीन ढकलत आणवलं. वर त्याला बोकाऱ्यांचं गवतही कापायला लावलं. शंतनूराव हसून हसून बेजार झाले. काकूंना हसू आलं नाही, पण त्या रात्री त्या झोपल्या.

मग स्टेडियम आलं.

गल्लीच्या मागे गोदामं वर्षानुवर्षं ओस पडली होती, ती पाडून तिथे बेसबॉलचं स्टेडियम बांधायचं गावाने ठरवलं. टाउन हॉलमध्ये सभा झाली. सुटातल्या एका माणसाने पडद्यावर आलेख दाखवले आणि सांगितलं, की स्टेडियम आलं की वर्दळ येते, दिवे येतात, दुकानं येतात, आणि गुन्हे कमी होतात. दुसऱ्याने दुसरे आलेख दाखवून सांगितलं, की स्टेडियम आलं की अनोळखी गर्दी येते, दारू येते, आणि गुन्हे वाढतात. मग लोकांना बोलायला सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे आमच्या इलाकाकू उठल्या. माइक तोंडापासून हातभर लांब होता, पण त्या बोलल्या. "बाहेरचे लोक येतील," त्या म्हणाल्या. "कोण कुठले, आपल्याला माहीत नाही." स्वतः सात समुद्र ओलांडून आलेल्या बाईने हे बोलावं म्हणजे कमाल झाली! पण अर्लीनने शेजारून जोरात टाळ्या वाजवल्या.

स्टेडियम व्हायचं ते झालंच. आणि गुन्ह्यांचं म्हणाल, तर दोन्ही आलेखवाले खरे ठरले. घरफोड्या जवळपास थांबल्या. टोकाकडचा तो गोळीचा आवाजही बंद झाला. रस्त्याला दिवे आले, चालत जाण्यासारखं किराणा दुकान आलं. पण गावात मॅच असली, की सगळी गल्ली दोन्ही बाजूंनी परगावच्या गाड्यांनी भरायची, आणि त्या गाड्यांच्या काचा फुटायला लागल्या. सीटवर बॅग, लॅपटॉप ठेवून माणूस तीन तास मॅच बघत बसणार. चोराला आणखी काय हवं? जर्सी सिटीहून लेक फोन करायची. नेत्रा इथेच जन्मलेली, तिला सगळं आकड्यांत दिसतं. "मॉम, स्टॅटिस्टिकली यू आर सेफर नाउ," ती म्हणायची. "हो गं बाई," काकू म्हणायच्या, आणि फोन ठेवून दाराची साखळी पुन्हा एकदा बघून यायच्या.

आकड्यांत न दिसणारी गोष्ट दुसरीच होती. घरांच्या किमती वाढल्या, त्यामागोमाग टॅक्स वाढला, आणि गल्लीतले म्हातारे एकेक करून घरं विकून निघून गेले. त्यांच्या घरांना नवे रंग लागले. निम्मी घरं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने जायला लागली; शुक्रवारी एक कुटुंब, पुढच्या शुक्रवारी दुसरंच. मिस अर्लीन शेवटपर्यंत टिकली आणि एक दिवस तीही लेकीकडे ग्रीन्सबरोला गेली. जायच्या आधी तिने काकूंचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "हनी, त्याच्यावर लक्ष ठेव." कारण शंतनूरावांचं काय चाललंय, ते घराबाहेर फक्त तिला ठाऊक होतं.

शंतनूराव विसरायला लागले होते. आधी नावं, मग वार, मग रस्ते. एकदा तर ते कोपऱ्यावर नुसतेच उभे होते, कुठे वळायचं ते न कळून, आणि अर्लीन त्यांना हाताला धरून घरी घेऊन आली होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि गाडी चालवणं बंद करायला लावलं. त्यांची ती चंदेरी गाडी काकूंनी विकून टाकली. हे सगळं नेत्राला माहीत होतं, पण मंडळींत काकूंनी कोणाला कळू दिलं नाही. मंडळींतल्या सुवर्णाने गणपतीच्या कार्यक्रमात विचारलं, "काका का नाही आले?" तर म्हणाल्या, "गुडघे गं, गुडघे." लोक काय म्हणतील, हेही एक होतंच. पण खरी भीती वेगळी होती. एकदा लोकांना कळलं, की कोणीतरी येणार, कागदावर सही घेणार आणि यांना म्हाताऱ्यांच्या कुठल्याशा होममध्ये नेऊन ठेवणार, असं काकूंच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

रोज सकाळी शंतनूराव विचारायचे, "गाडी कुठे लावली मी?"

"सर्व्हिसिंगला दिलीय," काकू सांगायच्या.

"बरं," ते म्हणायचे, आणि दिवसभर पुन्हा विचारायचे नाहीत. काकूंना वाटायचं, चला, एवढ्यावर भागलं.

आता काकूंची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एवढी ही घाबरट बाई, दाराला दोन कुलपं, एक साखळी. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना पुढचं दार सताड उघडं. तिन्हीसांजेला लक्ष्मी येते, तेव्हा दार बंद ठेवायचं नसतं, हे सासूबाईंनी सांगितलेलं. इथे उन्हाळ्यात साडेआठपर्यंत लख्ख उजेड असतो, मग तिन्हीसांज कुठली धरायची? काकूंनी सात वाजताची धरली. सातला दार उघडायचं, आतल्या खोलीत देव्हाऱ्यापुढे बसायचं, डोळे मिटून स्तोत्र म्हणायचं, आणि उठल्यावर दोन्ही कुलपं घालायची. त्या वेळात शंतनूराव पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून असायचे. मॅचही साधारण सातलाच सुरू व्हायची, बाहेर गाड्या लागत असायच्या, दारं आपटत असायची. जीव मुठीत धरूनच त्या स्तोत्र म्हणायच्या, पण दार लावायच्या नाहीत. देवाधर्मापुढे भीतीचं काही चालत नसे.

एप्रिलमध्ये सीझन सुरू झाला आणि गल्लीच्या ॲपवर ती बातमी आली. प्रत्येक नव्या घराच्या दारावर कॅमेरा, आणि कॅमेऱ्यात जे दिसेल ते सगळ्यांच्या फोनवर. डस्टिन नावाच्या एकाने लिहिलं होतं. हा काकूंपासून चार घरं पलीकडे वर्षापूर्वी राहायला आलेला, घरात तान्हं बाळ, आणि त्याच्या काळ्या पिकअपची काच दोनदा फुटलेली. "मॅच सुरू होताना एक माणूस गल्लीत फिरतो. टोपी, जाकीट. प्रत्येक गाडीचं हँडल ओढून बघतो. व्हिडिओ खाली आहे."

काकूंनी उठून आधी दाराची साखळी बघितली. व्हिडिओ बघायची हिंमतच झाली नाही. त्यांनी नुसती लोकांची उत्तरं वाचली. तो कालही आला होता. परवाही. हातात काही होतं का? जाकिटाच्या खिशात काहीतरी चाचपत होता, पिस्तूल असणार. दिवसाढवळ्या, भर गर्दीत, काय ही हिंमत! काकूंनी त्या दिवसापासून खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. किराणा घरपोच मागवायला लागल्या. न्हाणीघरात नळ सोडला की बाहेरचं ऐकू येत नाही म्हणून आंघोळही भराभरा उरकायला लागल्या. "अहो, बाहेर तो माणूस फिरतोय, पोर्चवर बसू नका," असं त्या शंतनूरावांना दहादा बजावायच्या. "कोण माणूस?" ते विचारायचे. "चोर!" काकू म्हणायच्या. मग तेही घाबरून खुर्ची भिंतीला सरकवून बसायचे.

पुढच्या आठवड्यात डस्टिनने पुन्हा लिहिलं. "पोलीस येऊन गेले, काही उपयोग नाही. पुढच्या मॅचला मी पोर्चवर बसणार आहे. रिकाम्या हाताने नाही."

काकूंनी आजवर त्या ॲपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चष्मा लावून, एकेक अक्षर शोधून, इंग्रजीत लिहिलं: "थँक यू ब्रदर. प्लीज डू समथिंग." आणि पुढे दोन जोडलेल्या हातांचं चित्र. खाली नाव आलं, इला बी. अकरा लोकांनी त्याला लाइकचा अंगठा दिला. काकूंना त्या रात्री जरा बरी झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंतनूराव झोपलेले असताना काकू पुन्हा ॲप वाचत बसल्या. आता चर्चा वेगळ्याच वळणाला लागली होती. कोणीतरी लिहिलं होतं, हा साधा चोर नाही, गँगचा आहे. नीट बघा, हँडल ओढायच्या आधी तो प्रत्येक गाडीच्या बॉनेटला उजवा हात लावतो आणि मग तोच हात कपाळाला लावतो. ही खूण आहे. कुठली गाडी फोडायची ती ठरवून ठेवतात. दुसऱ्याने लिहिलं होतं, बरोबर, मी असं कुठेतरी वाचलंय.

काकूंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

त्यांनी व्हिडिओ उघडला. लांबून घेतलेला, वरून दिसणारा. स्टेडियमच्या उद्घाटनाला फुकट वाटलेली लाल टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेला एक माणूस संथपणे गाड्यांच्या रांगेजवळून चालत होता. एका गाडीशी थांबला. बॉनेटला हात लावला, हात कपाळाला नेला. गेली पंचवीस वर्षं, ऑफिसला निघताना, देवळात जाताना, दूध आणायला निघताना, गाडीत बसायच्या आधी शंतनूराव असाच नमस्कार करायचे. मग त्याने खिसे चाचपले. किल्ली शोधत होता. मग हँडल ओढलं. दार उघडलं नाही, तसा तो जरा ओशाळला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

"अगं आई गं!" काकूंच्या तोंडून निघालं, आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

सगळं एका क्षणात कळलं. एरवी गल्ली रिकामी असायची, तेव्हा शोधायला गाडीच नसायची. मॅचच्या दिवशी दाराबाहेर गाड्याच गाड्या; त्यात एक आपली असणारच, असं त्यांना वाटत असणार. काकू डोळे मिटून लक्ष्मीला बोलावत होत्या, आणि उघड्या दारातून नवरा बाहेर जात होता. स्तोत्र संपायच्या आत परत येऊन खुर्चीत बसतही होता. आणि त्याला घाबरून त्या त्यालाच आत बसवत होत्या!

आता काय करायचं? काकूंनी फोन हातात घेतला आणि लिहिलं, "ही इज माय हजबंड." बोट पाठवायच्या बटणावर थांबलं. पोलीस येतील. बेड्या घालतील, यांना काय विचारताहेत ते कळायचंही नाही. कोर्ट म्हणेल, बाईला सांभाळता येत नाही, होममध्ये ठेवा. आणि फुटलेल्या काचा? त्या खऱ्या चोराने फोडल्या, हे कोण मानणार? नेत्राला फोन लावला, तर ती मीटिंगमध्ये होती, "कॉल यू लेटर?" असा मेसेज आला. काकूंनी लिहिलेलं पुसून टाकलं. डस्टिनकडे जाऊन समजावून सांगावं, म्हणून चपला घातल्या आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या. त्याच्या पोर्चवर पुढच्या बाजूला तोंड करून मांडलेली खुर्ची त्यांना खिडकीतूनच दिसत होती.

मग त्यांनी घाबरलेलं माणूस करतं तेच केलं. दार लावून घेतलं.

शुक्रवारी मॅच होती. पाचपासूनच गाड्या यायला लागल्या. लाल टोप्या घातलेली कुटुंबं, खांद्यावर पोरं, हातात फोमचे मोठाले पंजे. हसत-खिदळत गल्लीतून स्टेडियमकडे चालली होती. सात वाजले. काकूंनी पुढच्या दाराची दोन्ही कुलपं तपासली, साखळी घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदा दार बंद ठेवून देवापुढे दिवा लावला. "आज आत येऊ नको बाई, माफ कर," त्या मनातल्या मनात म्हणाल्या. शंतनूराव खुर्चीत होते. काकूंनी डोळे मिटले, पण स्तोत्राचं एक अक्षर आठवेना. त्यांनी डोळे उघडले, मागे वळून पाहिलं, तर खुर्ची रिकामी.

पुढचं दार तसंच बंद, साखळी जागच्या जागी. काकू न्हाणीघरात धावल्या, झोपायच्या खोलीत धावल्या. मग मागून गार वारा आला. वॉशिंग मशीनच्या खोलीतलं मागचं दार, जे कचरा टाकायला आठवड्यातून एकदा उघडतात, ते हलत होतं.

पायात काही नाही, हातात फोन नाही, अशा त्या बाहेर पडल्या. स्टेडियम उभं राहिल्यापासून मॅचच्या वेळी त्यांनी रस्त्यावर पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता समोरून लोकांचे लोंढे येत होते. सगळ्यांच्या डोक्यावर लाल टोपी! ज्या टोपीवरून नवरा शोधायचा, तीच टोपी हजार डोक्यांवर. "अहो!" त्या ओरडल्या. कोणी वळून पाहिलं नाही. अर्लीनच्या घराच्या पोर्चवर चार अनोळखी तरुण बिअर पीत बसले होते. "तुम्ही एक माणूस पाहिलात का, म्हातारा?" काकूंनी विचारलं. त्यांनी एकमेकांकडे बघून खांदे उडवले. पूर्वी या गल्लीत हा प्रश्न पुरा करायची वेळ आली नसती. अर्लीनने पोर्चवरून नुसतं बोट दाखवलं असतं. काकू लोकांना धक्के देत पुढे पळाल्या, आणि मग त्यांना ते दिसले.

शंतनूराव काळ्या पिकअपशी उभे होते. बॉनेटला हात लावून झाला होता. आता ते जाकिटाच्या खिशात हात घालून किल्ली शोधत होते.

आणि पोर्चच्या पायऱ्या उतरून डस्टिन खाली आला होता.

"हात बाहेर काढ!" तो इंग्रजीत ओरडला. "हात दाखव मला!" त्याच्या दोन्ही हातांत पिस्तूल होतं. गर्दीतून एक किंकाळी आली, लोक पांगले, कोणी पोरांना छातीशी घेऊन गाड्यांमागे बसलं, आणि कोणी फोन वर धरले. शंतनूरावांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि ते ओशाळं हसले. "वन मिनिट," ते म्हणाले, "किल्ली याच खिशात होती." हात खिशातच.

काकूंना पुढे काय झालं ते नीट आठवत नाही. आपण किंचाळलो एवढं आठवतं, आणि अनवाणी पायांखाली फुटलेली काच रुतली तेही आठवतं. त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. पिस्तुलाचं तोंड आता त्यांच्या छातीसमोर होतं. डस्टिन जेमतेम तिशीचा पोरगा. घामाने निथळला होता, ओठ पांढरे पडले होते. हाही घाबरलाय, काकूंना दिसलं, आणि त्यामुळे त्यांची भीती दुप्पट झाली.

"ही इज माय हजबंड," त्या म्हणाल्या. "तुमच्या व्हिडिओतला माणूस तो हाच. आजारी आहे. विसरतो. आपली गाडी शोधतो. आमच्याकडे गाडी नाही." इंग्रजी कसं आलं देव जाणे, पण आलं.

"तुम्ही कोण?"

"मी इला. इला बोकारे. पिवळं घर."

"इला बी?" त्याने डोळे बारीक केले. "तुम्हीच लिहिलंत ना मला? प्लीज डू समथिंग?"

"हो," काकू म्हणाल्या. "मीच लिहिलं."

मग त्याने मान वळवून गल्लीला मोठ्याने विचारलं, "यांना कोणी ओळखतं का?" गाड्यांमागून डोकी वर आली होती, पोर्चवर बिअर घेऊन माणसं उभी होती, कितीतरी फोन रोखलेले होते. वीस वर्षं राहिलेल्या त्या गल्लीत काकूंनी एकेक चेहरा बघितला. कोणीही हो म्हणालं नाही.

"सर," डस्टिन शंतनूरावांना म्हणाला. "तुम्ही या बाईंना ओळखता?"

शंतनूरावांनी चष्मा सावरला आणि काकूंकडे वळून नीट पाहिलं. कपाळापासून अनवाणी, रक्ताळलेल्या पायांपर्यंत.

"नो," ते स्वच्छ इंग्रजीत म्हणाले. "पण या फार घाबरल्या आहेत. यांना कोणीतरी घरी पोचवायला हवं."

डस्टिनचे हात हळूहळू खाली आले. तो पिकअपच्या पायरीवर मटकन बसला आणि पिस्तूल पायांमध्ये धरून जमिनीकडे बघत राहिला. "जा," तो म्हणाला. "प्लीज, जा घेऊन त्यांना." कोणीतरी पोलिसांना फोन केला होता, लांबून सायरन ऐकू यायला लागला. तो इकडेच येतोय की स्टेडियमकडे, ते काकूंना कळेना.

त्यांनी शंतनूरावांचा हात धरला. त्यांनी तो सभ्यपणे सोडवून घेतला. परक्या बाईने हात धरलेला कोणाला आवडेल?

"ताई," ते मराठीत म्हणाले, "नागपूरच्या दिसता. घर कुठे आहे तुमचं?"

"इथेच," काकू म्हणाल्या. "चार घरं सोडून."

"चला, मी सोडतो. गाडी इथेच कुठेतरी लावलीय."

ते चालायला लागले. काकू त्यांच्या बाजूने, रस्त्याकडच्या अंगाने, त्यांना आपल्या आड घेऊन चालल्या. मागे किती फोन अजून रोखलेले आहेत, किती पोर्चवर कोण काय घेऊन उभं आहे, हे बघायला मान वळवायची त्यांना ताकद नव्हती. सायरन जवळ आला होता.

"घरी कोणी आहे ना तुमच्या?" शंतनूरावांनी विचारलं. "अशा वेळी एकट्या राहू नका."

"आहेत," काकू म्हणाल्या. "मिस्टर आहेत."

"मग कशाला घाबरता?" ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या गाडीच्या हँडलला हात घातला.